फिरत फिरत लिहायचंय, पण चेक कुठे येणार?

मागच्या अंकात कुठल्याशा उत्तराच्या ओघात मी सहज लिहून गेले की सहा वर्षं मी बॅगेत घर घेऊन फिरले आणि लिहूनच पोट भरलं. झालं! महिनाभर दुसऱ्या विषयाचं एक पत्र आलं असेल तर शपथ, सासू-सुनांनी सुद्धा सुट्टी घेतली म्हणायची. म्हणून यावेळी सदर पूर्ण याच विषयाला दिलंय, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, आणि ज्यांनी नुसतंच "ताई मला पण जायचंय" एवढंच लिहिलंय त्यांनी पहिलं उत्तर वाचावं.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची आहे, इंदिरानगरला आईबरोबर राहते, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, पगार २६ हजार. दोन वर्षांपासून रात्री बसून कंटेंट रायटिंग करते, त्याचे महिन्याला ११-१२ हजार येतात. आता नोकरी सोडून फिरत फिरत लिहायचं ठरवलंय, आधी कोकण, मग हिमाचल, मग लडाख. आई म्हणते डोकं फिरलंय. सुरुवात कशी करू?

उत्तर : आईकडे परत येऊ, आधी हिशोब करू, तू तर अकाउंट्सचीच आहेस. तुझे ११-१२ हजार हे आईच्या हातचं जेवून, भाडं न देता, लाइटबिल न भरता मिळालेले ११-१२ हजार आहेत. बाहेर पडलीस की खोली, खाणं, प्रवास सगळं त्यातूनच जाणार आणि वर लिहायचे तास कमी होणार, हे दुसरं कुणी सांगत नाही. रीलमध्ये बीचवर लॅपटॉप उघडून बसलेली मुलगी दिसते ना, अगं बीचवर लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये आपलंच तोंड दिसतं, दुसरं काही दिसत नाही, आणि कीबोर्डात एकदा वाळू गेली की तो मरेपर्यंत कुरकुरतो.

जागा बदलायची म्हटलं की कमीत कमी दोन दिवस पाण्यात. आदल्या दिवशी आवराआवर, कपडे वाळलेत का, चार्जर कुठाय, मग प्रवासाचा दिवस, आणि नव्या गावातली पहिली सकाळ नळाला पाणी कधी येतं आणि बरा चहा कुठे मिळतो हे शोधण्यात. महिन्यात चार गावं केलीस तर आठ-नऊ दिवस असेच गेले, म्हणजे पगारी रजा नसताना आठ-नऊ रजा. मी पहिल्या वर्षी हेच केलं, वर्षभरात गावं भरपूर झाली आणि बँकेत खडखडाट. मग शहाणी झाले, एका गावात तीन आठवडे तरी राहायचंच. महिन्याच्या बोलीवर खोली घेतली की रोजच्या भाड्यापेक्षा पुष्कळ कमी पडते, शिवाय मालकीण ओळखीची होते आणि बाईमाणसाला एकटीनं राहायचं असेल तर ही ओळख कुठल्याही ॲपपेक्षा कामाची.

खोली बघताना समुद्र दिसतो का हे विचारू नकोस. गुहागरच्या बाजूला एका घरी राहिले होते, खोली झकास, दारात माडाची बाग, पण टेबल नाही. तीन दिवस पलंगावर मांडी घालून लिहिलं आणि चौथ्या दिवशी पाठ धरली. घरच्या काकूंनी ते बघितलं, काही न बोलता आत गेल्या आणि गणपतीचा चौरंग घेऊन आल्या, म्हणाल्या, "चतुर्थीच्या आत संपव हो तुझं, मग मला लागेल." त्या चौरंगावर मी अडीच महिने काम केलं. एक पाय जरा लंगडा होता, त्याखाली पोस्टाच्या पाकिटाची घडी सरकवायची, रोज सकाळी झाडताना काकू ती घडी काढून टाकायच्या आणि रोज मी नवी करायचे. तेव्हापासून खोलीचा फोटो मागते तो टेबलाचा, खुर्चीचा आणि प्लगचा, खिडकीतलं काय ते गेल्यावर दिसतंच.

आणि प्रवास करता करता लिहीन असं मनात असेल तर ते काढून टाक. द्राक्षावर मारायच्या औषधाच्या डब्याबरोबर घडी घातलेलं बारीक अक्षरातलं पत्रक येतं बघ, तसल्या एका पत्रकाचं मराठी मी पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून करत होते. इगतपुरी सोडली, गाडी घाटात शिरली, बोगदे सुरू झाले, नेट गेलं, डोळ्यापुढे अंधार-उजेड अंधार-उजेड, त्यात मी मात्रेच्या रकान्यात "प्रति १० लिटर"च्या जागी "प्रति लिटर" टाइप केलं. दहापट औषध! कंपनीतल्या तपासणाऱ्या बाईंनी पकडलं म्हणून वाचले, नाहीतर दिंडोरीकडच्या कुणाच्या तरी बागेची पानं जळाली असती आणि तो शेतकरी मला शोधत आला असता, बरोबरच होतं त्याचं. आता गाडीत फक्त वाचते, फोन करते, बिलं पाठवते, मजकुराला हात लावत नाही.

लडाख म्हणतेस तर एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेव, आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालतच नाही, पोस्टपेड लागतं, आणि हे तिथे उतरल्यावर कळलं तर क्लायंट समजतो की तू पळालीस. नाशिकमधूनच पोस्टपेड करून निघायचं, आणि दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं. पॉवर बँक घेताना लॅपटॉप चार्ज करणारी आहे का ते बघ, नाहीतर नुसता फोनच चार्ज होतो, आणि विमानानं जाणार असशील तर ती १०० वॅट-अवरच्या आतली हवी आणि हातातल्या बॅगेतच हवी.

मेडिक्लेमचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. कंपनीनं काढलेली पॉलिसी नोकरीबरोबर जाते, आणि स्वतःची नवी घेतली की पहिले ३० दिवस अपघात सोडला तर आजारपणाचं काही मिळत नाही. म्हणजे राजीनामा दिल्यावर पॉलिसी घ्यायची नसते, आधी घ्यायची असते, दीड-दोन महिने आधी.

आता सुरुवात. आठ दिवसांची रजा टाक आणि त्र्यंबकला, इगतपुरीला नाहीतर वणीला खोली घेऊन राहा, एसटीनं जा, मार्च २०२३ पासून आपल्याला, म्हणजे बायकांना, अर्धं तिकीट आहेच. पण फिरायला जायचं नाही हं, रोज जेवढं काम घरी करतेस तेवढंच तिथे करायचं, ठरल्या वेळेला पाठवायचं, आणि फिरणं उरलेल्या वेळात. गंमत म्हणजे पहिल्या दोन दिवसांत कळतं की आपण कुठल्या जातीचे आहोत. माझी एक मैत्रीण तिसऱ्या दिवशी परत आली, म्हणाली मला लिहायला माझ्याच घरचा आवाज लागतो, कुकरच्या शिट्ट्यांसकट. आज ती कॉलेज रोडला बसून माझ्यापेक्षा जास्त कमावते.

नोकरी आत्ता सोडू नको असं सांगतेय का? हो, सांगतेय. लिहिण्याचे पैसे सलग सहा महिने पगाराएवढे आले आणि वर सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडून राहिला की मग सोड. आणि आईला पटवायचा उपाय सोपा आहे, जिथे राहशील तिथल्या मालकिणीचा नंबर आईला द्यायचा. माझ्या आईनं गुहागरच्या काकूंशी इतकं जमवलं की पुढे आंबे मला न विचारता थेट नाशिकला यायला लागले.

प्रश्न : ताई, मी पंचवटीचा पण सध्या हंपीला आहे. मुंबईच्या एका एजन्सीकडे माझे ६४ हजार अडकलेत, काम देऊन चार महिने झाले. आधी म्हणाले अकाउंटवाला रजेवर आहे, आता फोनच उचलत नाहीत. इतक्या लांबून काय करू?

उत्तर : अरे, लांब असल्याचाच फायदा घेतात ही माणसं, त्यांना माहीत असतं की हा काही दारात येऊन बसणार नाही. पहिल्यांदा इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन त्या एजन्सीनं तुझ्या पॅनवर टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापून सरकारला द्यायचा कर, भरलाय का बघ. एका पार्टीकडून वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की आपल्या धंद्याला साधारण १० टक्के कापतात, कुठे ठेकेदार धरून १ टक्का, आणि गंमत अशी की हा कर पैसे देताना किंवा त्यांच्या वहीत बिल जमा धरताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे टीडीएस दिसत असेल तर त्यांनी तुझं बिल मान्य करून खर्चात टाकलंय, फक्त तुला दिलं नाही. त्याचा स्क्रीनशॉट लावून एक मेल कर, शिवीगाळ न करता, बिल नंबर, तारीख, रक्कम, एवढंच, आणि मालकाला कर, अकाउंटवाल्याला नको. माझ्या दोन वसुल्या या एका स्क्रीनशॉटवर झाल्यात.

पुढच्या वेळेसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून ठेव. आधार आणि पॅनवर होते, सरकारी साइटवर फुकट, त्याचे पैसे मागणारे सगळे दलाल. एकटा लिहिणारा माणूस सुद्धा सूक्ष्म उद्योगात बसतो. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगांच्या, कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते सुद्धा चक्रवाढ, दर महिन्याला. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते, हंपीच्या खोलीतून पण. पण काम करायच्या आधी नोंदणी असेल तरच हे नीट उभं राहतं, त्यामुळे या ६४ हजारांसाठी त्याचा उपयोग धरू नकोस, यासाठी वकिलाची नोटीस आणि नाहीच ऐकलं तर दिवाणी दावा, त्याला तीन वर्षांची मुदत असते. नोटिशीलाच बरेचजण वठणीवर येतात.

आणि एक विचारते, ६४ हजार होईपर्यंत थांबलास कसा? पहिलं बिल थकलं की दुसरं काम हातात घ्यायचं नाही. निम्मे आगाऊ मागायचे. नवीन पार्टी असेल तर आगाऊ मागितल्यावर जो चेहरा वाकडा करतो तो नंतर पण करणारच असतो, मग आधीच केलेला बरा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, नाशिकरोडला राहते. मिस्टरांबरोबर वर्षातले सात-आठ महिने मुलाकडे, मुलीकडे, यात्रेला असं फिरणं असतं आणि मी दिवाळी अंकांत, मासिकांत लिहिते. मानधनाचे चेक घरी येऊन पडतात. गेल्या वर्षी दोन फुकट गेले. काही उपाय?

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न वाचून इतकं बरं वाटलं, फिरस्ते लेखक म्हटलं की सगळ्यांना दाढीवाला पोरगाच दिसतो! चेकची मुदत तारखेपासून तीन महिने, २०१२ पासून तसंच आहे, त्याआधी सहा महिने असायची. त्यात दिवाळी अंकाचा चेक, म्हणजे अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, चेक संपादकांच्या सवडीनं, त्यावर तारीख भलत्याच दिवसाची आणि पोस्टातून यायला आठवडा. तुम्ही चार महिन्यांनी कुलूप उघडता तेव्हा दारामागे पाकीट असतंच, आत कागद असतो, पैसे नसतात. शिळा चेक संपादकांना परत पाठवून नवीन मागता येतो, लाजू नका, तुमचे पैसे आहेत. माझ्या बाबतीत तर एकदा टोपणनावानं चेक आला होता, बँकेतली मुलगी म्हणाली मॅडम या बाईंना घेऊन या.

उपाय म्हणजे लेखाच्या शेवटच्या पानावर, फोन नंबरच्या खालीच, पासबुकात आहे तसं नाव, खाते नंबर, आयएफएससी सरळ लिहून टाकायचं आणि वर "मानधन शक्यतो खात्यात जमा करावे". नुसतं मेलमध्ये लिहिलं तर ते हरवतं, लेखाच्या पानावर असलेलं अकाउंटवाल्यापर्यंत जातं. आणि जे अजून चेकच देतात त्यांच्यासाठी पत्ता कुलूपबंद घराचा देऊ नका, शेजारणीचा किंवा भाचीचा द्या, आणि तिला पाकीट फोडून फोटो पाठवायची परवानगी देऊन ठेवा. नुसतं "पत्र ठेव" सांगितलं तर ती इमानेइतबारे ठेवते, न फोडता, सात महिने.

प्रश्न : ताई मी फोनवर टाइप करते आणि संपादक म्हणतात श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, पाठवा, मी रस्त्यावर असते माझ्याकडे श्रीलिपी कुठून असणार?

उत्तर : युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर टाइप होतं तसंच, पाठव आणि बरोबर त्याची पीडीएफ जोड, बदलून घेणं हे त्यांच्या डीटीपीवाल्याचं काम आहे आणि त्याच्याकडे कन्व्हर्टर असतोच. पीडीएफ अशासाठी की बदलताना काही अक्षरं हमखास फुटतात, सगळ्यात जास्त मार खातो तो "ऱ्या". मी मोठ्या हौसेनं लिहिलेल्या "सह्याद्रीतल्या खोल दऱ्या" छापून आल्या "सह्याद्रीतल्या खोल दर्या". नंतर वर्षभर लोक विचारायचे, भंडारदऱ्याला समुद्र आला का हो. प्रूफ मागायचंच, नेटवर्क नसेल तर व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो मागायचा, आणि तपासताना पूर्ण वाचत बसायला वेळ नसेल तर निदान सगळे "ऱ्या" आणि सगळे आकडे बघायचे.

प्रश्न : एका वेबसाइटनं माझे प्रवासलेख घेतले, करार काही नाही, नुसतं फोनवर बोलणं. आता मला त्यांचं पुस्तक काढायचंय तर ते म्हणतात पैसे दिलेत, लेख आमचे. (सिडको, नाशिक)

उत्तर : नाहीत त्यांचे. नोकरीत राहून लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी, तिथे साधारणपणे हक्क मालकाचा. पण बाहेरून लिहिणाऱ्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिणाऱ्याचाच असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, फोनवर दिला जात नाही. पैसे दिले म्हणजे एकदा छापायचा हक्क घेतला, एवढंच. लेखी दिला असता आणि त्यात मुदत लिहिली नसती तरी तो ५ वर्षांपुरताच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. त्यामुळे जुने मेल आणि व्हॉट्सॲप आधी नीट चाळा, त्यात कुठे "सर्व हक्क आमच्याकडे" अशा कागदावर सही करून पाठवली नाहीये ना बघा, रस्त्यात असताना माणूस घाईत कशावरही बोटानं सही करतो. नसेल तर काढा पुस्तक. सौजन्य म्हणून "पूर्वप्रसिद्धी" लिहा, भांडण असलं तरी.

प्रश्न : नाशिकमध्ये राहून प्रवासावर काय लिहिणार? त्र्यंबक, मिसळ, वाइन, झालं की सगळं. म्हणून बाहेर पडावंसं वाटतं. आणि आता तर एआय सगळं लिहून देतं.

उत्तर : एआयचं आधी. "नाशिकमधील टॉप १० ठिकाणं" हे काम गेलं, मला पूर्वी दर महिन्याला असली चार-पाच यायची, आता एक येत नाही, रडून उपयोग नाही आणि खरं सांगू तर ती मी इथे बसून दुसऱ्यांचं वाचूनच लिहायचे. जाऊन बघितल्याशिवाय जे लिहिता येत नाही तेवढं आता उरलंय.

मग जाऊन बघा ना. लासलगावला कांद्याचा लिलाव बघितलाय? ट्रॅक्टरची रांग, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, काही क्षणात बोली होते, आणि ज्याचा कांदा आहे तो बाजूला उभा राहून बोली सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्या चेहऱ्यावर एक लेख आहे, भावावर नाही, भाव पेपरात येतो. नांदूर-मधमेश्वरला २०२० मध्ये रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळाला, राज्यातली पहिली जागा, तेव्हापासून सगळे फ्लेमिंगोवर लिहितात, पण खांद्यावर मोठी दुर्बीण घेऊन बांधावरून पुढे चालणाऱ्या गावातल्या गाइडवर कुणी लिहीत नाही, तो लहानपणी याच पाण्यात काय करायचा विचारा. सुरगाण्याकडे स्ट्रॉबेरी होते, ती रस्त्याकडेला विकायला बसलेल्या बायका पहाटे किती वाजता निघतात? मालेगावला यंत्रमागाच्या खडखडाटात माणसं एकमेकांशी बोलतात कशी? एका लेखाला एक माणूस आणि एक प्रश्न पुरतो.

२०२७ चा सिंहस्थ येतोय, त्यावर देशभरातून लोक येऊन लिहिणार, साधूंचे तेच फोटो काढणार. तुम्हाला आधीपासून इथे राहायची सोय आहे ती वापरा. तीर्थोपाध्यायांकडच्या वंशावळीच्या वह्या बघा, कुणाकुणाचे आजोबा-पणजोबा त्यात सह्या करून गेलेत, स्वतःच्या घराण्याचं पान काढायला सांगा आणि तिथून सुरू करा. संपादकाला आत्ताच कळवा, मेळा सुरू झाल्यावर कुणी मेल उघडत नाही, तसंच दिवाळी अंकाचं, तो पावसाळ्यातच जुळवतात आणि आपण नवरात्रात लेख पाठवतो. बसायला जागा नसेल तर आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं, त्या शांततेत माझी दोन हस्तलिखितं झालीत, एकीकडे पंख्याची करकर आणि समोर पेपर वाचता वाचता झोपलेले आजोबा.

प्रश्न : जुनी व्हॅन घेऊन आत पलंग, टेबल, सोलर बसवून त्यातच राहायचं आणि लिहायचं असा प्लॅन आहे. कसा वाटतो? (सातपूर)

उत्तर : महाग वाटतो. गाडीच्या मूळ रचनेत आरटीओच्या परवानगीशिवाय बदल चालत नाही आणि तसा केला तर अपघातात इन्शुरन्सवाले हात वर करतात. शिवाय मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात बसून दोन पानं लिहून दाखवा, गंगापूर रोडवर सावलीत लावून सुद्धा. फारच इच्छा असेल तर तयार गाडी चार दिवस भाड्यानं घ्या, त्यातल्या एका दिवशी डेडलाइन ठेवा.

प्रश्न : नमस्कार. मी एचएएलमधून रिटायर झालो, ओझरला राहतो. मुलगा २९ वर्षांचा, चांगली नोकरी सोडून तीन वर्षं हिमाचलात कुठेकुठे राहून भाषांतरं आणि लेख लिहितो. पैसे बरे मिळवतो म्हणतो. त्याच्यासाठी स्थळं बघतोय, बायोडाटात व्यवसाय काय लिहू हेच कळत नाही. "फ्रीलान्स" लिहिलं की लोक पुढे वाचत नाहीत.

उत्तर : काका, "अनुवादक व लेखक, स्वतंत्र व्यवसाय" असं लिहा, वकील आणि सीए पण स्वतंत्र व्यवसायच करतात. त्याला एक विचारा, इन्कम टॅक्स रिटर्न भरतोस का? भरत असेल तर तीन वर्षांची रिटर्न घरी मागवून ठेवा, उत्पन्नाचा आकडा त्यातला लिहा, बँक सुद्धा घराच्या कर्जाला आपल्यासारख्यांकडे तेच मागते, पगाराची स्लिप नसते ना. भरत नसेल तर मात्र लग्नाच्या आधी ते सुरू करा, कारण बरे मिळवतो म्हणजे नेमके किती हे त्याला स्वतःलाही माहीत नसणार, मला पण चार वर्षं माहीत नव्हतं.

फिरतो ही गोष्ट लपवू नका. मुलगा बघायला आलेल्यांसमोर "सध्या टूरवर आहे" असं माझ्या सासऱ्यांनी एकदा माझ्याच दिराबद्दल सांगितलं होतं, तो सात महिने टूरवर निघाला, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तो वर्षातले किती महिने ओझरला राहायला तयार आहे, पावसाळ्यात येतो का, बायकोचं काम असेल त्या गावात खोली घेईल का, हे त्याच्याकडूनच लिहून घ्या, बोलून नाही, लिहिणाऱ्या माणसाला लिहायला लावलं की तो खरं लिहितो. बायोडाटात पत्ता मात्र तुमचाच द्या, त्याचे चेकही तिथेच येत असणार.